हातचा एक

थंडर बे, एकतीस डिसेंबर, उणे अठ्ठावीस.
व्हॅनचं दार गोठून बसलेलं, कमरेचा धक्का मारून उघडलं.
मी रेयो काल्लिओ. गल्ल्याची यंत्रं दुरुस्त करतो.
त्या रात्री काम एकच: अकरा दुकानं,
प्रत्येकात सहाचा आकडा काढून पाच घालायचा,
उजाडायच्या आत.
दुकानामागे चाळीस डॉलर, रोख.

हाव्रिलुकबाईंचं स्केट्सचं दुकान सातवं.
कोटावर नवऱ्याचा जुना कोट घालून
त्या माझ्या खांद्यावरून बघत होत्या.
"गिऱ्हाइकाचे किती वाचतील?"
नव्वद डॉलरच्या स्केट्सवर नव्वद सेंट.
"आणि माझं पीठ, दूध, अंडी?"
त्यांवर हा कर नव्हताच, बाई.
"आणि समोरचा मॅकेक्रन? ट्रक घेतोय म्हणे."
चाळीस हजारांचा असेल तर चारशे.
"अस्सं," म्हणाल्या,
आणि पेनींची बरणी फडक्याने पुसायला लागल्या.
ती स्वच्छच होती.

बाराला मार्केत्ताचा फोन, ऑटावाहून.
ती अर्थखात्यात आकड्यांचे तक्ते करते,
कुणासाठी ते मला कधी नीट कळलं नाही.
म्हटलं, तिजोरीत शिल्लक पडलीय,
लोकांची लोकांना देताहेत, त्यात वाईट काय?
"शिल्लक आहे, बाबा. आज आहे."
मागे कुणीतरी फटाके उडवत होतं.
"आणि तुमचा तो एक टक्का,
वर्षाला कित्येक अब्ज होतो."
माझ्या हातात तेव्हा एक स्क्रू होता, तांदळाएवढा.

शाळेत पेल्टोलाबाई बेरीज शिकवायच्या:
हातचा एक बाजूला लिहून ठेवा,
बारीक, डोक्यावर, पण लिहा.
विसरलात तर उत्तर चुकेल
आणि चूक कुठे झाली ते सापडणार नाही.
वजाबाकीत मात्र हातचा नसतो,
तिथे शेजारच्या घरातून उसना घ्यायचा.
शेजारी शून्य असलं तर त्याच्याही पुढच्या घरातून.
मी तिथेच अडखळायचो.

मग ती शरद आली. बाजार कोसळला,
आमची कागदगिरणी अर्ध्या पाळीवर, मग कुलूप.
तिजोरीत तूट.
टीव्हीवर एकजण म्हणे, कर कापला म्हणून.
दुसरा म्हणे, साऱ्या जगात आग लागली, आपण काय वेगळे?
मार्केत्ता म्हणाली, दोघंही खरं बोलतात,
म्हणून भांडण मिटत नाही.
आग विजेने लागली, पण टाकी आपण आधीच उपसली होती.
मला ते जरा जास्तच नीटनेटकं वाटलं.
तिला तसं बोललो नाही.

मेव्हणा तैस्तो बेकारभत्त्याच्या खिडकीशी गेला.
चारांपैकी एक उघडी.
नऊ आठवडे थांबला. फोनवरचा मुद्रित आवाज
त्याला तोंडपाठ झाला,
जेवताना नक्कल करून दाखवायचा, पोरं हसायची.
दहाव्या आठवड्यात नक्कल थांबली.
बाकीच्या तीन खिडक्या माझ्या पाचाने बंद केल्या का?
माहीत नाही.
त्या आधीपासूनही बंद असतील.
अकरा दुकानांत पाच मी घातले, एवढं मात्र नक्की,
आणि चारशे चाळीस डॉलरचे
हिवाळी टायर घेतले.
त्यांवरही एक टक्का वाचला माझा.

पुढे पेनीच बंद झाली.
हाव्रिलुकबाई बरणीत आता स्केट्सचे खिळे ठेवतात.
परवा यंत्र अडकलं म्हणून गेलो,
तर विचारतात, "सहा परत करायला किती वेळ लागेल रे?"
चार मिनिटं, बाई. पाच करायला लागला तेवढाच.
"मग करत का नाहीत?"
मी यंत्राचं झाकण बसवलं.
इतक्या वर्षांत त्या कामासाठी
मला कुणाचाही फोन आलेला नाही,
ना निवडणुकीआधी, ना नंतर.
"तुम्ही मत द्याल का, सहा करतो म्हणणाऱ्याला?"
त्यांनी खूप वेळ विचार केला.
बाहेर मॅकेक्रन बर्फ खरवडत होता,
त्याचा ट्रक आता गंजलाय.
"नव्वद सेंट," त्या म्हणाल्या,
"नव्वद सेंट म्हणजे काही थोडे नाहीत."